माझ्या नावाची डिश

मित्रांनो, मी एका मुलीच्या दंडावरची जुनी पेशी आहे. मी डोळ्यांना दिसत नाही. एवढ्याशा जिवाने आपली गोष्ट सांगायला बसावे, हे माझे मलाच धाडसाचे वाटते, आणि ती मला नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. पण सांगायला हवे, कारण ती मुलगी अजून आहे आणि ती डिशही अजून आहे.

त्या मुलीच्या घरात खिडक्यांना जाड खाकी कागद लावलेला होता. बाकीची मुले दुपारी अंगणात धुडगूस घालत, तेव्हा ती फटीला डोळा लावून बसे. ऊन तिला सोसत नसे. जरा बाहेर पडली की कातडीवर फोड उठत, मग काळे डाग राहत. लोक म्हणत, "नाजूक आहे पोर." ती नाजूक नव्हती. दोष आमच्यात होता.

तो कसा, ते सांगते. प्रत्येक पेशीच्या आत एक लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. केस कुरळे असावेत की सरळ, अंगठा आईसारखा बाहेर वळावा की नाही, सगळे त्याच्यावर लिहिलेले असते. हा धागा रोज कुठे ना कुठे तुटतो. घाबरू नका, तुमचाही तुटतो. उन्हाने तुटतो, कधी उगीचच तुटतो. म्हणून आमच्या पोटात कारागीर असतात. ते तुटलेले शोधतात, कापून काढतात, नवे जोडतात. शिवाय एक पहारेकरी असतो. एका पेशीच्या दोन होण्याआधी तो वाट अडवतो आणि म्हणतो, "धागा सलग आहे का? नसेल तर थांब." मग आम्ही थांबतो. दुरुस्ती होण्यासारखीच नसेल, तर तो म्हणतो, "तू आता संप." मग आम्ही संपतो. कुरकुर करत नाही. कारण तुटक्या धाग्याची पेशी वाढतच राहिली तर तिची गाठ होते, आणि गाठ आपलेच घर खाते.

त्या मुलीच्या पेशींमध्ये उन्हाची दुरुस्ती करणारा कारागीर जन्मापासून अधू होता. पहारेकरी मात्र धडधाकट होता. त्यामुळे आम्हाला सारखे थांबावे लागे. त्या थांबण्यावरच मुलगी जगत होती.

एके दिवशी तिची आई तिला एका प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथे एक संशोधक बाई होत्या. आई त्यांना पहिल्याच भेटीत ताई म्हणू लागली. ताईंनी मुलीचा दंड पुसला.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल हं."

"लाल की काळी?" मुलीने विचारले.

"काळी. एकदम सभ्य."

"सभ्य मुंग्या चावत नाहीत," मुलगी म्हणाली, आणि तेवढ्यात काम होऊनही गेले. मी शरीराबाहेर आले.

मला एका उथळ, पारदर्शक डिशमध्ये ठेवले. गुलाबी रंगाचे खाद्य दिले. डिशवर ताईंनी आपल्या हाताने माझे नाव लिहिले, म्हणजे मुलीच्या नावाऐवजी ठरवलेली काही अक्षरे. मग ती डिश उबेच्या कपाटात गेली. त्याला सगळे इन्क्युबेटर म्हणत. खालच्या फळीवर एका दाढीवाल्या संशोधकाच्या डिश असत. तो कुठल्याशा गाठीतून काढलेल्या पेशी वाढवत असे आणि त्यांच्याविषयी लाडक्या लेकींविषयी बोलावे तसा बोलत असे.

"माझ्या बायांना जपून ठेवा हं," तो ताईंना म्हणायचा. "पसाभर जागा दिली की हात पसरतात. एक थेंब तुमच्याकडं उडाला, तर थोड्याच दिवसांत त्या मालकीणबाई आणि तुमच्या पोरी अंगणात."

ताई हसायच्या. मी हसले नाही. त्या खालच्या फळीची मला भीती वाटे. तिथे कोणीच कधी थांबत नसे.

पण ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. अशा पेशी त्या शहरात कोणी वाढवल्या नव्हत्या. ताई पाहुण्यांना बोलावून आम्हाला दाखवत. एकदा त्यांनी मुलीलाही सूक्ष्मदर्शकाशी बसवले.

"या सगळ्या मीच?"

"सगळ्या तूच."

"मग एवढ्या सुस्त का? हलतसुद्धा नाहीत."

"तुझ्यावरच गेल्यात," आई म्हणाली. "सकाळी उठवून बघा एकदा हिला."

"सुस्त नाहीत हो," ताई म्हणाल्या. "दुरुस्ती झाल्याशिवाय पुढं जात नाहीत."

आईने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "ताई, ही मोठी होईल ना?" ताईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला आणि म्हणाल्या, "त्याच्यासाठीच तर हे सगळं."

त्यानंतर आमची वाटणी झाली. डिश भरली की पेशी वाटून नव्या डिशमध्ये घालायच्या, अशी इथली पद्धत आहे. काही बहिणी डिशमध्येच राहिल्या. मी आणि आणखी काही जणी छोट्या कुप्यांतून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गेलो. तिथली थंडी अशी असते की विचारही अर्धवट थांबतो. तिथे काळ नसतो. स्वप्नही नसते. आम्हाला कोणी विसरले, तरी विसरल्याचे आम्हाला कळले नसते.

मी जागी झाले ती कोमट पाण्यात. कुपी हातात धरून ताई उभ्या होत्या. त्यांना चष्मा लागला होता. समोरच्या भिंतीवर एका छापील पानाची तसबीर टांगलेली होती. त्या पानावर माझे नाव होते.

बोलण्यातून मला हळूहळू उमगले. माझ्या नावाने एक पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आला होता. दुसऱ्याच एका आजारासाठी आधीपासून दिली जाणारी गोळी या मुलीसारख्यांच्या पेशींनाही उपयोगी पडते, असे त्यात लिहिले होते. गोळीनंतर पेशी अडून बसत नाहीत, त्यांचे धागे शाबूत राहतात. पेपर गाजला होता. पेपर छापला की इतरांनी मागितलेल्या पेशी त्यांना द्यायच्या, असा या लोकांचा रिवाज आहे. कोणीतरी दुरून मागणी केली होती. पाठवण्याआधी जुन्या कुपीतल्या पेशी जिवंत आहेत ना, ते पाहायला ताईंनी मला वितळवले होते.

त्यांनी मला इन्क्युबेटरमध्ये ठेवले. शेजारीच एक डिश होती. तिच्यावर तीच अक्षरे होती, त्याच हाताची. मला आनंद झाला. वाटले, माझ्या बहिणी!

पेशींना शेजार कळतो. त्या डिशमध्ये माझी कोणी नव्हती. तिथे गोल, चकाकत्या पेशी एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या होत्या. काठापासून काठापर्यंत रीघ लागलेली. एकही थांबलेली नाही, एकही संपलेली नाही. माझे नाव लावून ती सगळी गर्दी वाढत होती.

ताईंनी दोन्ही डिश आलटून पालटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या.  मग त्यांनी दाढीवाल्याला हाक मारली.

"अरे, बघ जरा. या दोन्ही एकाच मुलीच्या वाटतात का तुला?"

तो पाहू लागला. काहीतरी विनोद करायला त्याने तोंड उघडले होते, ते तसेच राहिले.

"ही लांबट, ही तिची असेल," तो म्हणाला. "ही दुसरी... ताई, ही माझ्याकडची दिसतेय."

"तुझ्याकडची कशी येईल?"

"तेव्हा आपण खाद्याची बाटली एकच वापरत होतो ना. तुम्हीच म्हणालात, एका कामात दोन कामं."

मी गोठलेली असताना काय झाले ते मी पाहिलेले नाही. पण मी पेशी आहे, मला ते कळते. बाटलीतून एक परकी आली. तिचा पहारेकरी कधीच मेलेला होता. माझ्या बहिणी धागा तपासायला थांबल्या, तेवढ्यात ती एकीची दोन झाली. त्या दुरुस्तीला बसल्या, तोवर तिची वस्ती झाली. दर वाटणीला माझ्या बहिणी कमी आल्या. एका वाटणीत एकही आली नाही. कोणी कोणाला मारले नाही. त्या फक्त थांबल्या होत्या. आणि वर लोक आनंदात होते, की पेशी आता किती छान वाढतात!

ताई सरांकडे गेल्या. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. बोलत बोलत दोघे इन्क्युबेटरपाशी आले.

"गोठवून काढल्या की रूप बिघडतंच," सर म्हणाले. "चार दिवस जाऊ देत."

"सर, छापण्याआधी परीक्षकांनी विचारलं होतं. पेशी कुणाच्या आहेत ते तपासलंत का, म्हणून."

"आपण 'तपासल्या आहेत' असं कळवलं होतं."

"आणल्या तेव्हा तपासल्या होत्या. प्रयोगाच्या वेळी नाही."

"मग खोटं कुठं बोललो?" सरांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "तो दुसरा गट आपल्या मागोमागच होता. तपासत बसलो असतो तर त्यांनी आधी छापलं असतं. थांबणारा मागं पडतो गं. हे तुला मी सांगायला हवं का?"

मित्रांनो, सरांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. डिशमध्ये तसेच तर झाले होते.

दोनच दिवसांनी मुलगी आणि आई आल्या. मुलगी उंच झाली होती. गालावर नवे डाग होते. आईच्या हातात रुग्णालयाचा कागद होता.

"परवानगी मिळाली, ताई! डॉक्टर म्हणाले, पेपर आहे म्हणून मिळाली, नाहीतर कोणी हात लावला नसता. या आठवड्यातच गोळी सुरू."

ताई म्हणाल्या, "या आठवड्यात?"

"तुमचे उपकार कसे फेडायचे..."

"मग मी दुपारी बाहेर जाऊ शकेन?" मुलीने मध्येच विचारले. "दुपारी म्हणजे, अगदी बाराला. सावली पायाखाली येते म्हणतात, ती बघायचीय."

ताईंनी तिच्याकडे पाहिले, मग इन्क्युबेटरकडे. "डॉक्टरांना म्हणावं, थोडं थांबा. मी कळवते," त्या म्हणाल्या. पण इतक्या हळू म्हणाल्या की आईने ते ऐकले नसावे. ती डोळे पुसत होती.

दोघी गेल्यावर ताईंनी सरांना न विचारता आमच्या दोन डिश केल्या. एकीत गोळीची पूड विरघळवून घातली, दुसरीत नाही. मी दुसरीत होते. म्हणूनच आज बोलते आहे.

त्या गोळीने पहारेकऱ्याचा हात धरून ठेवला. परक्या पेशींना त्याचे काहीच नव्हते. त्यांच्याकडे पहारेकरीच नाही, आणि कारागीर मात्र सगळे शाबूत. पेपरात त्यांची तुलना माझ्या बहिणींच्या जुन्या नोंदींशी झाली होती, म्हणून सारे श्रेय गोळीला गेले. पण माझ्या बहिणींचे धागे तुटलेले, कारागीर अधू, आणि आता थांबायचीही सोय नाही. त्या तशाच पुढे गेल्या. एकीच्या दोन होताना धागे ताणले आणि फाटले. ताईंनी तुटलेल्या जागी चिकटून हिरवा चमकणारा रंग घातला होता. साऱ्या डिशमध्ये हिरवे ठिपकेच ठिपके उमटले. मग एकेक ठिपका विझत गेला.

ताईंनी उभ्याउभ्याच फोन लावला. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई! तुम्हालाच करणार होते. सकाळी दिली की पहिली गोळी. काही त्रास नाही हो, हसतखेळत आहे."

"दुसरी देऊ नका."

"काय?"

"दुसरी देऊ नका. तिला उन्हात नेऊ नका. मी डॉक्टरांशी बोलते, आत्ता लगेच."

"अहो, पण पेपर..."

"पेपर माझाच आहे," ताई म्हणाल्या. "म्हणून तर सांगतेय."



आता ताई पेपर मागे घेण्याचे पत्र लिहीत आहेत. सरांनी अजून सही केलेली नाही. ते म्हणतात, घाई नको. दाढीवाला मान खाली घालून सगळ्या बाटल्यांवर नावे लिहितो आहे. आणि माझ्या नावाच्या त्या डिशमधल्या पेशी याआधीच कुठे कुठे पाठवल्या गेल्या आहेत. तिथल्या उबेच्या कपाटांत त्या वाढत असतील. तो पेपर वाचून कोणीतरी कोणाच्या तरी मुलासाठी परवानगी मागत असेल.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही आणि माझे ऐकावे असे माझे वयही नाही, की जास्तच आहे, कोण जाणे. एवढीच विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी पुढे असे काम हाती घेईल. तेव्हा डिशवरचे नाव वाचून पुढे जाऊ नका. आत कोण आहे ते पाहा, आणि पुन्हा एकदा पाहा. त्यात कोणी तुमच्या पुढे गेला तर जाऊ द्या.

त्या मुलीच्या दंडात माझ्या पुष्कळ बहिणी आहेत. सकाळची गोळी आता तिथवर पोचली असेल. त्यांना अजून थांबता येते आहे का, हे मला इथून कळत नाही.