पुडीही आणि गोळीही

माझा राग आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. दुधात पाणी घालणारा गवळी आमच्याकडे मात्र निखळ दूध घालायचा, ते काही माझ्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. याच रागाच्या जोरावर मी सुमनला, माझ्या एकुलत्या एक लेकीला, इंटर सायन्सला घातलं होतं. माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, त्यावरून दोन दिवस जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी मी पुरणपोळी केली आणि ते जेवले.

त्याच वर्षी दिवाळीआधी डॉक्टर आगाश्यांनी माझा रक्तदाब मोजला. एकशे नव्वद. माझी आई बावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूने गेली. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. घाबरले, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

हे सेक्रेटरिएटमध्ये होते. मध्यभारत राज्य झाल्यापासून राजधानीची दोन घरं झाली होती, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात आमचं इंदूर. फायलींच्या पेट्या, टाइपरायटर आणि नवरे असे सगळे एकदमच हलायचे. ग्वाल्हेरला निघताना ह्यांनी डॉक्टरांच्या गोळ्यांची बाटली माझ्या हातात दिली आणि शपथ घातली. पुढे प्रत्येक पत्राची पहिली ओळ तीच असायची, गोळ्या घेतेस ना?

नानांचा मात्र डॉक्टरांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी चिंतामण वैद्यांकडून पुड्या आणल्या. सकाळी पूजा आटोपली की ते स्वतः मधात पूड कालवून माझ्यापुढे धरायचे. सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी दिलेलं औषध कोणती सून परत करते? आणि नवऱ्याची शपथ कोणती बायको मोडते? मी दोघांचाही मान ठेवला. पुडीही घेतली आणि गोळीही घेतली. डॉक्टरांना पुडीचं सांगितलं नाही, वैद्यांना गोळीचं सांगितलं नाही. उगाच कोणाला वाईट वाटायला नको.

महिन्या-दोन महिन्यांत मी शांत झाले. नाक सतत चोंदलेलं, पाय शिशाचे. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायची. रडू यायचं, पण कशाचं ते कळायचं नाही. गवळ्याने दुधात पाणी घातलं आणि मी ते मुकाट्याने तापवलं. घरात सगळ्यांना आनंद झाला. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "वैद्यबुवांच्या औषधाला क्या गुण आला! सूनबाईंचा स्वभावच बदलला." ह्यांनी तिकडून लिहिलं की गोळी फारच गुणाची दिसते.

फेब्रुवारीत ह्यांचं एक वेगळंच पत्र आलं. ह्यांच्या साहेबांच्या मुलाचं स्थळ सुमनला सांगून आलं होतं. साखरपुडा एप्रिलमध्ये, ऑफिस इंदूरला आलं की, आणि लग्न जूनमध्ये. लग्नानंतर मुलीचं पुढचं शिक्षण मुलाकडच्यांना नको होतं. सुमनला मेडिकलचा फॉर्म भरायचा होता. नानांनी पत्र वाचून माझ्याकडे पाहिलं. सुमन दारात उभी होती, मी आता भांडेन म्हणून वाट बघत. मी मान हलवली. हो म्हणाले. मग पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

मार्चमध्ये न्हाणीघरात मला चक्कर आली आणि मी पडले. सुमनने टांगा आणला. निघताना तिने फडताळातली पुडी उचलली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "आई हे पण घेते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी नाडी धरली. पन्नासही भरत नव्हती. मग त्यांनी चिमूटभर पूड जिभेला लावली, तोंड वाकडं केलं आणि वैद्यांकडे माणूस पाठवून खात्री करून घेतली.

"बाई, ही सर्पगंधा आहे. माझ्या गोळ्यासुद्धा याच मुळीच्या. डबल डोस चाललाय तुमचा, चार-पाच महिने!"

"म्हणजे औषध खराब?" मी विचारलं.

"खराब बिलकुल नाही. दाब उतरवायला फार चांगली मुळी आहे. पण माप चुकलं तर माणसाचं मनच बुडतं. ही उदासी तुमची नाही बाई, औषधाची आहे."

त्यांनी दोन्ही बंद केलं. दर आठवड्याला दाब मोजायचा, मीठ कमी, लोणचं-पापड बंद, आणि गरज पडली तर ते सांगतील तेव्हाच अर्धी गोळी. तीन आठवड्यांनी एका सकाळी मी गवळ्याला दारातूनच परत पाठवलं, दुधासकट. सुमन आतून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

पुढल्याच आठवड्यात ऑफिस इंदूरला आलं आणि हे घरी आले. दुसऱ्या दिवशी साखरपुडा. अंगठी आणायला सराफ्यात निघायचं म्हणून ह्यांनी टोपी घातली.

"सराफ्यात जायचं नाही," मी म्हटलं. "लग्न होणार नाही. सुमन मेडिकलला जाईल."

"अगं, पण तूच हो म्हणालीस!"

"मी नव्हते म्हणाले. तुमची गोळी आणि नानांची पुडी मिळून हो म्हणाल्या. त्यांनाच बसवा बोहल्यावर."

"मी साहेबांना काय तोंड दाखवू?"

"जे आहे तेच दाखवा."

नाना पाटावरून उठले. "सूनबाई, इतका गुस्सा बरा नव्हे. दाब वाढेल. तुमच्या आई कशा गेल्या, विसरलात?"

मी विसरले नव्हते. कानशिलं तापली होती, छाती धडधडत होती, आणि मला भीती वाटली. खरंच वाटली. गप्प बसावं, असं क्षणभर मनात आलंसुद्धा. मग मला दारात उभी असलेली सुमन आठवली, आणि भिंतीकडे वळलेलं माझं तोंड.

"नाना, दाब वाढला तर अर्धी गोळी आहे. डॉक्टरांनी माप लिहून दिलंय. उद्या हिचं शिक्षण सुटलं, तर त्यावर कुठल्या वैद्याची पुडी आणणार?"

मी ह्यांच्यापुढे कागद आणि दौत ठेवली. ह्यांनी नानांकडे पाहिलं, नानांनी देवघराकडे पाहिलं. तेवढ्यात सुमन आतून आली, माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. पुरा एक मिनिट ती नाडीचे ठोके मोजत होती.

"ब्याण्णव," ती म्हणाली. "चालेल, आई. बोल तू."

मी एकेक शब्द सांगत गेले आणि ह्यांनी टोपी काढून तो नकार लिहिला.