रिकाम्या पाळण्याचं उत्तर

नारीन गावच्या पाळणाघरात शेगडी पेटवायचं काम माझं. आयुष्यभर थापा मारल्या, पण ही थाप नव्हे. हवं तर झूरा एजेंना, म्हणजे झूराताईंना, विचारा, बाळं त्याच सांभाळतात.

कोळशाची बादली नेताना माझा धक्का लागून एक रिकामा पाळणा हलला. रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तो धरून थांबवला. हात काढताच तो पुन्हा हलू लागला.

शेजारी नऊ महिन्यांची आयझिरेक होती. आई मॉस्कोला कामाला, घरी आजी बहिरी. पोर ना रडायची, ना कुणाच्या तोंडाकडे बघायची. ती रिकाम्या पाळण्याकडे वळून म्हणाली, "आऽ." पाळणा एकदा हलला. "आऽ, आऽ." दोनदा हलला. पोर जन्मात पहिल्यांदा हसली.

एजे मला आके, म्हणजे दादा, म्हणतात. त्या हळूच म्हणाल्या, "आके, पाळण्यात जे आहे, ते तिला उत्तर देतंय."

"पाळणा फेकून देऊ?" मी विचारलं.

"आपण कुणी बोललो नाही, म्हणून ते बोललं. उद्या ते बोलावेल, तर ही त्याच्याकडे जाईल."

त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं. तिनं "आऽ" केलं, की पाळणा हलायच्या आत त्या "आऽ" म्हणत. तरी दोन दिवस पोर पाळण्याकडेच वळायची; पाळणाच जिंकला. तिसऱ्या दिवशी एजेंचा घसा बसला.

"तुमचं तोंड एरवी बंद नसतं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आज कामाला लावा."

दुपारी पोरीनं माझी दाढी धरली, डोळ्यांत बघितलं आणि "आऽ" म्हणाली. मीही म्हणालो. मागे पाळणा जोरजोरात करकरत होता. तिनं वळून पाहिलं नाही.