थट्टा नव्हती

हळदीच्या मांडवात धवलारणीने कुणालाही काहीही म्हणावं आणि ज्याला म्हटलं त्याने ते हसून घ्यावं, ही खाडीकाठच्या आगरी गावांतली जुनी रीत. धवलारीण म्हणजे लग्न गाऊन लावणारी बाई. देवाला बोलावण्यापासून नवरीला वाटेला लावण्यापर्यंतची सगळी गाणी तिला तोंडपाठ असतात आणि त्यातच एक थट्टेचं गाणं असतं. त्यात नवऱ्याच्या मामाचं टक्कल येतं, वरमाईचा चिकटपणा येतो, पुढाऱ्याची बाटलीसुद्धा येते. धवलारीण एकेक ओळ सोडते, मागच्या बायका ती उचलतात आणि मांडव खदखदतो. रुसायचं कुणी नाही. हळदीत जो रुसला त्याला गाव पुढे वर्षभर चिडवतं.

भामाने पनवेलच्या आसपासची निम्मी लग्नं गायली होती. मांडवात डीजे आले, धुराची यंत्रं आली, पण हळद लागताना डीजे बंद करून भामाला ऐकायचं, हे अजून कुणी मोडलं नव्हतं. बाई अंगाने काटकुळी, आवाज मात्र असा की कुणी माइक पुढे केलाच तर ती तो हाताने बाजूला सारायची.

गावात मोठं प्रस्थ कुमारशेटचं. त्याचे डंपर कुठकुठल्या साइटवरची माती उचलायचे आणि गावच्या खाडीच्या तोंडाशी ओतायचे. आधी तिवरांची झाडं गाडली गेली, मग ओहोळ बुजला, आणि मग उधाणाचं पाणी खालच्या आळीतल्या घरांत शिरायला लागलं. हे कुणाला दिसत नव्हतं अशातला भाग नाही. पण प्रत्येक घरातला एक तरी पोरगा शेटच्या डंपरवर. भामाचा स्वतःचा मुलगा बाळूही त्यातलाच. तेव्हा डोळे गावात सगळ्यांना होते, तोंड कुणालाच नव्हतं.

कुमारशेटच्या मुलाची, निकेशची हळद होती त्या दिवशी दुपारी मोठं उधाण आलं. भामाची जाऊ जनी खालच्या आळीत राहायची. तिच्या स्वयंपाकघरात गुडघाभर खारं पाणी, त्यात तांदळाचा डबा आडवा तरंगतोय, आणि जनी ओट्यावर बसून नुसती बघतेय. भामाने पदर खोचला आणि संध्याकाळपर्यंत तिच्याबरोबर पाणी उपसलं. मग हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि शेटच्या मांडवात जाऊन बसली.

गाणी सुरू झाली. थट्टेच्या गाण्यात कुमारशेटची पाळी आली. त्याच्यासाठी तिची ओळ ठरलेली असे, गळ्यातल्या सोन्याच्या साखळदंडावरची. ती आज काही तिच्या तोंडात येईना. आलं ते भलतंच.

‘खाडीचे तोंडात शेटनी माती ओतली गो,
जनीचे चुलीत भरती शिरली गो.’

मागच्या बायकांनी सवयीने ओळ उचलली, तीही मोठ्याने, ठेक्यात. म्हणून झाल्यावर त्यांना ऐकू आलं की आपण काय म्हटलं. एकीने पदर तोंडाशी नेला. कुमारशेट हसला, जरा जास्तच वेळ हसला, आणि त्याने बोट वर करताच डीजे सुरू झाला.

एरवी गोष्ट तिथेच मिटायची. पण हल्ली मांडवात माणसं कमी आणि मोबाइल जास्त. कुणीतरी ते गाणं टिपलं, ते या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरलं, आणि फिरत फिरत तहसील कचेरीत पोचलं. साहेब चौकशीला येणार असा निरोप गावात आला.

साहेब यायच्या आदल्या दिवशी कुमारशेट स्वतः भामाच्या घरी आला. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. खुर्ची दिली तर तिच्यावर न बसता पायरीवर टेकला. मावशी, तुमच्यावर माझा राग नाही म्हणाला. तुम्ही वाईट बोललातच कुठे, हळदीतली थट्टा ती, आणि थट्टेला कुणी खरं धरतं का? उद्या साहेबाला तेवढंच सांगा, की थट्टा होती. एवढं बोलून त्याने चहा घेतला आणि उठता उठता विचारलं, अंकिताच्या हळदीची तारीख कुठली धरलीत?

अंकिता ही बाळूची मुलगी. आई लहानपणीच गेलेली, तेव्हा भामाच्या मांडीवर, तिची गाणी ऐकत वाढलेली. तिचं लग्न कोन गावातल्या एका घरात ठरलं होतं आणि त्या घरचे डंपर कुमारशेटच्याच कामावर होते. शेटला पुढे काही बोलायची गरजच नव्हती. दुसऱ्यांच्या पोरी वाटेला लावताना भामा मनातल्या मनात या एका लग्नाची वाट बघत आली होती. अंकिताची हळद आपण गायची, मग देवाने केव्हाही न्यावं.

बाळूने त्या संध्याकाळी आईचे पायच धरायचे बाकी ठेवले. आई, तुला खोटं कुठे बोलायचंय, थट्टेचं गाणं ही थट्टाच असते, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. गंमत अशी की तो म्हणत होता त्यात चूक काहीच नव्हती. भामाला हेच फार लागलं. आजवर आपण मांडवात वाटेल ते बोललो, मोठमोठ्यांची टोपी उडवली, त्याचा आपल्याला केवढा तोरा. आणि हे सगळे इतकी वर्षं हसत होते ते का, तर त्यातलं काही खरं धरायचं नाही असं आधीच ठरलेलं होतं म्हणून. तिला शेटपेक्षा स्वतःचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी देवळासमोर खुर्च्या मांडल्या. तहसीलचे साहेब आले, बाजूला कुमारशेट, त्याच्या शेजारी अंकिताचे होणारे सासरे खास कोनहून आलेले. साहेबांनी आधी भामाच्या मागे गाणाऱ्या बायकांना विचारलं. आम्ही काय, ती म्हणते ते म्हणतो, असं सगळ्यांनी सांगितलं. जनीला विचारलं तर ती मान खाली घालून म्हणाली, पानी येतो कदी कदी, खाडी हाय म्हटल्यावर येनारच. भामाला वाटलं, उठून हिच्या एक ठेवून द्यावी. मग जनीच्या मागे उभा असलेला तिचा मुलगा दिसला, अंगात शेटच्या कंपनीचा शर्ट. तिने नजर काढून घेतली.

कुमारशेटने साहेबांना आमची परंपरा काय असते ते छान समजावून सांगितलं. साहेबही तसे भले गृहस्थ. त्यांनी भामाला बसायला सांगितलं आणि सरळच विचारलं, की आजी, ती थट्टा होती का?

सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. बाळू तर हात जोडूनच उभा. भामाने एकदा कोनच्या सासऱ्यांकडे पाहिलं. आपण काय घालवतोय हे तिला पुरतं कळत होतं.

“थट्टा नव्हती,” ती म्हणाली. “बोलून कोन ऐकत नव्हता, म्हनून गान्यात घातला. आता बोलूनच सांगते. खाडीचा तोंड यांनी बुजवलाय. पानी आमचे घरात शिरतो. चला, दाखवते.”

आणि ती निघालीसुद्धा. साहेबांना मागोमाग जाणं भागच पडलं. भराव पाहिला, बुजलेला ओहोळ पाहिला, जनीच्या भिंतीवर मिठाची पांढरी रेघ पाहिली. भामाचं म्हणणं लिहून घेतलं आणि सांगितलं, की तुमच्याकडचं लग्न उरकल्यावरच्या सोमवारी पनवेलला सुनावणी ठेवतो, तिथे हेच पुन्हा सांगावं लागेल. येते म्हणाली.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणेच झालं. बाळूकडून डंपरची चावी काढून घेतली गेली. भामाला सांगितलेली लग्नं एकेक करून फिरली. कुणाकडे म्हणे डीजेवाल्याचीच बाई गाणार होती, कुणाकडे लग्नच साधेपणाने होणार होतं. कोनहून निरोप आला, की सोयरीक मोडत नाही, पण हळद तुमच्या आईने गायची नाही. अंकिता उसळली. असल्या घरात मला जायचंच नाही म्हणाली. भामाने तिला गप्प केलं. पोरगा तुला आवडलाय ना, मग माझ्या बोलण्याचं मी बघेन, तू त्यात पडू नको. एवढं ठणकावून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे मात्र भांड्यांचा आवाज करत पोटभर रडली.

हळदीला मोरा गावाहून धवलारीण आणली. आवाज गोड, बाई सालस. कोनची माणसं उष्टी हळद घेऊन आली, त्यांच्याबरोबर कुमारशेटही आला आणि पुढच्या सोफ्यावर पाय पसरून बसला. भामा मागे, अगदी कोपऱ्यात, हळदीचं ताट मांडीवर घेऊन.

थट्टेचं गाणं आलं. मोऱ्याच्या बाईने अंकिताच्या मामाचं पोट घेतलं, सासऱ्यांचं घोरणं घेतलं, बिचाऱ्या बाळूची तंबाखूही सोडली नाही. मांडव हसत होता. सोफ्यावरचा एकेक माणूस होत होत पाळी कुमारशेटपर्यंत आली. तो हसायच्या तयारीत पुढे सरकला. बाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं, नजर चुकवली आणि पलीकडच्या माणसावर ओळ टाकली. तिला बजावून ठेवलेलं असणार, की शेटबद्दल एक अक्षर नको.

मांडवातलं हसू जागच्या जागी विरलं. कारण हळदीत नाव न येणं ही साधी गोष्ट नव्हे. परक्याला वगळतात, नाहीतर वाळीत टाकलेल्याला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेटने थोडा वेळ वाट पाहिली. गाणं संपलं. त्याचे कान लाल झाले होते. त्याला हवं होतं तेच झालं होतं, आता त्याला कुणी काही म्हणणार नव्हतं.

तो उठला, बायकांमधून वाट काढत मागच्या कोपऱ्यात आला आणि भामासमोर वाकला. तोंडावर हसू आणायचा त्याने प्रयत्न केला.

“मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला, “माझा नाव र्‍हायला. तुमी तरी घ्या. चार मानसांत बरा नाय दिसत.”

भामाने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

“घेते की,” ती म्हणाली, आणि हे मात्र हळू म्हणाली नाही. “पन हितं नाय. सोमवारी पनवेलला घेईन, सायबासमोर. ऐकाला या.”

मग ताट सावरत ती उठली आणि नातीला हळद लावायला पुढे गेली.