वंशावळीबाहेरचा पप्पू

एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाचा कुणावर विश्वास बसत नाही, आणि त्यात माझा काही दोष नाही. मिसरूड फुटलेल्या पोराला ‘दहाचाच आहे हो’ म्हणत अर्धं तिकीट मागणारे मी बघितलेत. त्यामुळं भोरच्या शुभा डॉक्टरनी माझ्या शिवानीला पुण्याला पाठवायचं काढलं, तेव्हा माझं डोकं लगेच चालू झालं.

शिवानीला पाचवा महिना होता. पहिलंच बाळंतपण. दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं, असं ती बोलता बोलता डॉक्टरांना सांगून बसली. झालं! डॉक्टरांनी रक्त तपासलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, “जनुकीय समुपदेशकाला भेटा. आईला बरोबर घेऊन जा.”

समुपदेशन म्हणजे नवराबायकोची भांडणं मिटवतात ते, एवढंच मला ठाऊक. शिवानीचं आणि आमचे जावई इंद्रजित यांचं तर भांडण नव्हतं. मग एक तर डॉक्टरचं कमिशन असणार. नाहीतर मुलगा का मुलगी ते चोरून सांगायचा धंदा. तिसरा संशय सगळ्यात वाईट होता. आंबवड्याच्या विहीणबाईंनीच हे पढवलं असलं तर? पोरीत खोट निघाली की तिला आमच्या दारात आणून सोडायला त्या मोकळ्या. माझी एकुलती एक पोर आहे. तिचा संसार मी मोडू देणार नव्हतो, म्हणून कुणी बोलावलं नसताना मीही निघालो.

भोंगवलीहून गाडी सुटल्या सुटल्या मी बनाला, माझ्या बायकोला, बजावलं, “पप्पूचं नाव काढायचं न्हाई तिथं.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “व्हय.”

पप्पू आमचा पहिला मुलगा, शिवानीच्या आधीचा. तेव्हा आम्ही गुंजवण्याला होतो. बाराव्या दिवशी बारसं केलं, नारायण सोनारानं कान टोचले, आणि रक्त थांबेचना. चौथ्या दिवशी पोर गेलं. सोनाराची तार खराब होती, त्यानं शीर तोडली, हे मी तेव्हाच ओळखलं आणि साऱ्या खोऱ्यात सांगत सुटलो. पुढं त्याच्याकडं कुणी लेकरू नेईना. त्याला गाव सोडावं लागलं. मग धरणात जमिनी गेल्या, माणसं पांगली, आम्ही भोंगवलीला आलो. शिवानीला आम्ही यातलं काही सांगितलं नाही, आणि सोयरीक जुळवताना आंबवड्यालाही नाही. सोनारानं मारलेलं पोर, त्याचा हिच्या लग्नाशी काय संबंध?

शिवानी आणि इंद्रजित आंबवड्याहून परस्पर पुण्याला आले होते. समुपदेशक म्हणजे सई नावाची तिशीतली मुलगी निघाली. गळ्यात नळी नाही, टेबलावर सुई नाही, नुसता एक कोरा कागद. माझा संशय पक्का झाला.

“काका, घरातली माणसं सांगता का? वंशावळ काढायची आहे.”

वंशावळ तर माझ्या खिशातच होती. धरणग्रस्ताच्या दाखल्यासाठी केलेली, शिक्क्यासकट. मी ती ऐटीत पुढं सरकवली. तिनं वाचली आणि विचारलं, “यात बायका कुठं आहेत? काकूंच्या माहेरचं एकही नाव नाही.”

“जमीन बापाकडनं येती,” मी म्हणालो.

“हा रक्त न थांबण्याचा आजार आईकडून येतो. शिवानीच्या तपासणीत रक्त गोठवणारा घटक कमी आलाय. बाईला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो. डॉक्टर पेशंटला तपासतात, पण आजार घराण्यात कुठून कुठं चाललाय ते शोधायला निवांत बसून विचारावं लागतं. त्यासाठी माझ्याकडं पाठवतात.”

“मुलगा का मुलगी, ते सांगता व्हय?”

“नाही.” तिचा आवाज कडक झाला. “मी विचारते त्याचं उत्तर द्या. शिवानीच्या माहेरी रक्त न थांबून कुणी मुलगा गेलाय?”

“न्हाई,” मी म्हणालो. इतकी वर्षं लोकांचं खोटं पकडलं, माझं कुणी पकडलं नाही.

तिनं ‘नाही’ लिहिलं. “मग बरं आहे. तसं असतं तर बाळंतपण भोरला नको म्हटलं असतं. बाळ ओढायला चिमटा लावायचा नाही, त्याला इंजेक्शन टोचायचं नाही, जन्मल्या जन्मल्या नाळेतलं रक्त तपासायचं. अशा बाळाचे बारशाला कान टोचले तरी जिवावर बेततं.”

शिवानी पोटावर हात ठेवून बसली होती. आता बोललो तर तिचा संसार जाईल आणि नाही बोललो तर नातू.

“होता,” मी म्हणालो. “पप्पू. कान टोचल्यावर चार दिसांनी गेला.”

“मला भाऊ होता?” शिवानीनं आईकडं बघितलं. बनानं पदर तोंडाला लावला होता.

सईनं ‘नाही’ खोडलं. कागदावर एक लहान चौकोन काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. मुलगा म्हणजे चौकोन, गेलेल्यावर रेघ.

“पन त्यो सोनार...”

“सोनाराची चूक नव्हती, काका. कुणीही टोचले असते तरी हेच झालं असतं.”

एका निरपराध माणसाला मी देशोधडीला लावलं होतं. मला तोंड लपवावंसं वाटलं. पण सईचं काम संपलं नव्हतं. ती बनाकडं वळली. “काकू, तुम्हाला भाऊ किती?”

“येक हाय.” बना थांबली. “आन दोन व्हते. येकाचा दात पडला, दुसऱ्याच्या डोस्क्याला लागलं. दोघांचं बी रगात थांबलं न्हाई.”

लग्नाला बत्तीस वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“पप्पूच्या येळंला ठावं होतं तुला?”

“व्हय.”

“म्या त्या सोनाराला गावातनं उठवला, आन तू गप ऱ्हायलीस?”

बनानं पदर खाली घेतला आणि सरळ माझ्याकडं बघितलं. “बोलले असते तर तुमी मला ठेवली असती का?”

साऱ्या जगावर संशय घेतला, आणि घरातच एवढं दडलेलं मला दिसलं नाही. मला राग आला. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मी इंद्रजितकडं बघितलं. आता तो उठतो, आईला फोन लावतो, असं मला वाटलं.

त्यानं मोबाईल काढला खरा, पण लिहून घेण्यासाठी. “मॅडम, बाळंतपण कुठं करायचं ते सांगा. तिथनं जवळ खोली बघतो.” मग शिवानीकडं वळून म्हणाला, “आन आईला म्या सांगतो. तू त्यात पडू नगंस.”

तो असं म्हणेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या वयात मी बनाला माहेरी नेऊन घातली असती. आणि हे ती बत्तीस वर्षं ओळखून होती.