दाराला लागलं असेल

ठमी सोफ्यावरून पडली तेव्हा मी ताईशी फोनवर बोलत होते. पाठ फिरवून, खिदळत. नऊ महिन्यांची पोर ती, हंबरडा फोडला तिनं. घेतलं, थोपटलं, टेंगळावर टोपी चढवली.

संध्याकाळी नवरा आला, तिला उचलून या खोलीतून त्या खोलीत, घरभर नाचला. नंतर टोपी काढली आणि जागीच थिजला.

"हे मगाशी आत येताना झालं का गं? माझ्याकडून, दाराला?"

"लागलं असेल," मी म्हणाले.

तो तसाच तिला घेऊन डॉक्टरांकडे पळाला. मीही मागोमाग. "माझ्याच हातून लागलं, डॉक्टर," त्यानं मान खाली घालून सांगितलं. मी पिशवीतलं दुपटं नीट करत राहिले. काळजीचं काही नव्हतं.

तेव्हापासून तो तिला घेईना. खिडक्यांना काचा बसवतो तो. पुरुषभर उंचीची काच जिन्यावरून एकट्यानं उतरवतो. पण ठमीनं हात पसरले की म्हणायचा, "तू घे ना, माझे हात ओले आहेत." सासूबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "काय रे, काचा बऱ्या उचलतोस, लेकीला तेवढा भितोस!"

आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, तो पलंगावर बसून तिच्या कपड्यांच्या घड्या करत होता. ती त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहू बघत होती आणि तो पाय मागे घेत होता. मला बघवेना.

"ऐक ना. ते टेंगूळ तुझ्यामुळे नव्हतं. दुपारीच सोफ्यावरून पडली होती. मी फोनवर होते."

त्याचा हात झबल्यावर थांबला. "डॉक्टरांसमोर बोलली नाहीस?"

"नाही."

"का गं?"

"तू स्वतःवर घेतलंस ना, तेव्हा हायसं वाटलं मला. मग रोज म्हणायचे, आज सांगू."

"पोरं पडतात. त्याचं काही नाही गं. पण मी आठ दिवस तिला घेतली नाही, आणि तू बघत होतीस?"

"हो."

"आई बोलली तेव्हा हसलीससुद्धा."

हसले होते का मी? हसलेच असणार.

त्यानं झबलं बाजूला ठेवलं आणि ठमीला उचललं. तान्ह्या बाळासारखी मानेखाली हात देऊन. तिनं लगेच त्याचं नाक पकडलं. तो हसला नाही, पण सोडवूनही घेतलं नाही.

"माझा राग जाईल तेव्हा जाईल," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "आईला मात्र तू सांग. आत्ता."

एका हातानं नंबर लावून त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

"हं, बोल रे," पलीकडून सासूबाई.

"मी बोलतेय, आई," मी म्हणाले. "ठमी माझ्याकडून पडली होती."