जावईबापू जेवत नाहीत

सात किलो मांस, जसंच्या तसं.

घराची किल्ली माझ्या खिशात, आई घराबाहेर.

नियम चौथा: वाढून झालं की सिंहाकडे पाठ करावी आणि तोंड बंद ठेवावं.

भुलीच्या औषधाची बाटली. वर चिठ्ठी: शुक्रवार.

एक हृदय, डॉक्टरीणबाईंच्या मते जुन्या मिक्सरसारखं वाजणारं.

आता जोडून सांगते. सर्कशींतून आणि हौशी श्रीमंतांच्या अंगणांतून सोडवलेले अकरा सिंह आमच्याकडे राहतात. मरेपर्यंत राहतात, तोवर आम्ही त्यांची शी काढतो. हा बारावा. आल्यापासून कोपऱ्यात फुगून बसलेला, पाण्याशिवाय कशालाही तोंड न लावणारा. म्हणून नाव पडलं जावईबापू.

आठ दिवस झाले. शुक्रवारी भूल देऊन सलाईन लावावं लागणार होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपवीन मी, पण असल्या हृदयाने तो उठेलच असं सांगत नाही.

चौथा नियम दादांचा. दादांनीच ही जागा उभी केली. हयातभर लोक तिकीट काढून यांच्याकडे बघत आले, आता निदान जेवताना तरी कुणी टक लावू नये, असं त्यांचं म्हणणं. हे सांगताना त्यांचे डोळे भरून येत, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. मी रोज मांस आत सरकवायचे, वळायचे आणि भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचायचे. पाठ करून करून त्या पाठ झाल्या.

गुरुवारी सकाळी आई किल्ली मागायला आली. तिने चाळीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवली. ताटात टाकणारी मुलगी तिला मैलावरून दिसायची. मी भिंतीकडे तोंड करून उभी, जाळीपलीकडे सिंह, त्याच्यापुढे मांस. आई जाळीसमोर गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वाढलंय ना? मग वाट कुणाची बघतोस?"

तिला गप्प करायला मी वळले, तर जावईबापू उठलेले. त्यांनी आईकडे पाहिलं, मांसाकडे पाहिलं, पुन्हा आईकडे. आणि खायला लागले.

आई किल्लीसाठी माझ्याकडे वळली. चावायचा आवाज थांबला. तुकडा तोंडातच.

"आई, त्याच्याकडे बघ."

"मला उशीर होतोय."

"बघ म्हणते ना."

तिने बघितलं. आवाज पुन्हा सुरू.

दादांनी सर्कशीतल्या जुन्या रखवालदाराला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. मालकाने पाठ फिरवली की कुणीतरी परत समोर उभं राहून बघेपर्यंत मांसाला शिवायचं नाही, हा या सिंहाचा सगळ्यात गाजलेला खेळ होता. चाबूक खाऊन शिकलेला. म्हणजे स्वारी रुसलेली नव्हतीच. आम्ही मान देत होतो आणि तो हुकूम पाळत होता.

दादांनी फोन ठेवला. मग त्यांनी चौथ्या नियमापुढे पेनाने लिहिलं: जावईबापू सोडून. डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरची चिठ्ठी काढली.

आता रोज अकरा वाजता कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहून बघतं. मरेपर्यंत बघायचं आहे. तो की आम्ही, ते वेळापत्रकात लिहिलेलं नाही. मंगळवार आईचा. हाड अर्धं टाकलं की ती त्याला बोल लावते.

त्याला आणायला आम्ही सर्कशीत गेलो, तेव्हा त्याच्या पिंजऱ्याला कुलूप नव्हतं. आम्हाला वाटलं, लावायचं विसरले असतील.