टिपकागद कोण बदलतं?

मित्रांनो, आधी हात पुसून या, मग जवळ बसा. मी एक जुनी दाबणी आहे आणि ओल्या हातांवर माझा काडीचाही विश्वास नाही.

दाबणी म्हणजे दोन जाड फळ्या, चार कोपऱ्यांत चार बोल्ट आणि त्यांवर फुलपाखरासारखे पंख असलेले चार नट. मधे टिपकागदांची चळत. कागदांत पानं ठेवून नट आवळले की पानं सपाट होऊन वाळतात. मला डोळे नाहीत. ऐकू मात्र येतं आणि माणूस मी हातावरून ओळखते.

एका सुतारानं मोडक्या पलंगाच्या फळीतून मला घडवलं, आपल्या मुलासाठी. त्या मुलाचे हात लहान, गरम आणि कायम चिकट. पानगळ सुरू झाली की तो खिसे भरभरून पानं आणायचा. कधी मी त्याच्या हातून पडले, तर मलाच थोपटून विचारायचा, "लागलं का गं?" मग तो मोठा झाला आणि एक दिवस मला माळ्यावर टाकून गेला. तिथे कोळ्यांच्या सोबतीत माझा स्वभाव संशयी झाला, तो झालाच.

यंदाच्या पानगळीत त्याच्याच मुलीनं मला खाली काढलं. तिला घरात ताई म्हणतात. तिचा बाप आता बस चालवतो. मला बघून तो म्हणाला, "आधीच घर एवढंसं, त्यात बाहेरचा कचरा कशाला?" आवाजही ओळखू येऊ नये इतका जाड झालेला. मी मनात म्हटलं, बघा, हा तो!

ताई मात्र हौशी. पानं आणायची, लाल, तांबूस, किरमिजी असे रंग मोठ्यानं सांगत माझ्यात रचायची आणि सगळा जोर लावून नट आवळायची. जितकं घट्ट तितकं बरं, अशी तिची समजूत. मला ते बरं वाटलं नव्हतं, पण मला कोण विचारतो?

आणि मग दुपारचा तो हात सुरू झाला.

घर सामसूम असायचं. मुलं शाळेत, आई दवाखान्यात कामावर. हात मोठा, घट्टे पडलेला. न बोलता नट सैल करायचा, कागद काढायचा, दुसरे घालायचा, पुन्हा आवळायचा. रोज, अगदी नेमानं. चोर म्हणावं तर एक पान गेलं नव्हतं. उलट काही न नेणारा चोर मला जास्तच धोक्याचा वाटला.

ताईच्याही ते ध्यानात आलं. तिचा डाग पडलेला कागद गेला होता आणि लाल पानांत एक पिवळं, पंख्यासारखं पान येऊन बसलं होतं. तिचा संशय थेट धाकट्या भावावर, बटणवर गेला. तोही स्वाभाविकच. बटणचा छंद म्हणजे स्क्रू दिसला की उघडायचा. घड्याळ, टॉर्च, आईची इस्त्री, त्याच्या तावडीतून काही सुटलं नव्हतं.

"बटण, माझ्या दाबणीला हात लावलास?"

"तुझ्या त्या पाल्याला? मला काय बकरी समजलीस?"

"मग हे पिवळं पान कुठून आलं? आपल्या गल्लीत असलं झाडच नाही."

"वाऱ्यानं आलं असेल."

"वाऱ्याला नट उघडता येतात का रे?"

"येत असतील," आई आतून म्हणाली. "या घरात कोणीच काही करत नाही, सगळं वाराच करतो. परवा डब्यातली बिस्किटंसुद्धा त्यानंच खाल्ली."

ताईला हसू आलं नाही. तिनं आपला एक केस नटाभोवती गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तुटलेला सापडला. तिनं बटणशी बोलणं टाकलं आणि त्याचा स्क्रू-ड्रायव्हरचा डबा लपवला. खरं सांगते, मीही तिच्याच बाजूची होते. हात मोठा होता, हे मला कळत होतं. पण बटणनं बापाचा हातमोजा घातला असेल, असं मी स्वतःला पटवलं. संशयाला काय, काहीही पटतं.

आई वैतागली. "आता एकदा जरी भांडलात, तर ती फळी परत माळ्यावर."

माळ्याचं नाव ऐकून माझे बोल्ट गार पडले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ताईनं पक्कड घेऊन माझे नट पिळले. दुपारी हात आला. नट हलेना. त्यानं जोर लावला, आणखी लावला आणि माझी वरची फळी काडकन चिरली.

हात थबकला. मग तळवा माझ्यावर अलगद टेकला. जाडाभरडा आवाज हळूच म्हणाला, "लागलं का गं?"

मित्रांनो, मी ओळखलं. पण मला तोंड कुठे आहे?

संध्याकाळी व्हायचं तेच झालं. "खोटारड्या!" ताई ओरडली. बटणनं या वेळी चेष्टा केली नाही. तो रडायलाच लागला. "मी नाही गं ताई. आईशप्पथ नाही."

"दर वेळी हेच म्हणतोस!"

आईनं मला उचललं. माळ्याखाली स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाप दारात आला होता. त्याच्या चपला मी ऐकल्या होत्या. हा काही बोलायचा नाही, मी म्हटलं. ज्यानं एकदा टाकलं, तो आता कशाला तोंड उघडेल?

"दाबणी खाली ठेव," तो म्हणाला. "मी चिरली ती."

"बाबा, तुम्ही?" ताई म्हणाली. "तुम्ही तर कचरा म्हणालात!"

"म्हणालो खरा. मग एकदा उघडून बघितलं, तर तुझी पानं काळी पडायला लागलेली. नुसतं आवळून भागत नाही गं. रोज उघडायचं, ओला कागद काढायचा, कोरडा घालायचा. नाहीतर आतल्या आत कुजतं."

"मग मला सांगायचं ना!"

"कचरा म्हणून बसलो होतो. कुठल्या तोंडानं सांगणार?"

बटणनं नाक ओढलं. "आणि ते पिवळं पान?"

"माझ्या शेवटच्या स्टॉपवर झाड आहे. पोरीला आवडेल, वाटलं."

मग ताईनं लपवलेला डबा आणून बटणपुढे ठेवला. "चुकलं रे माझं. ही चीर सांधता येईल का?"

"बघू दे," तो हुंदका गिळत म्हणाला. "थांब, आधी हात पुसून येतो."

आता माझ्या पाठीवर पत्र्याची पट्टी आहे, जरा वाकडीच. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी असेल, तर आवळून विसरू नका. रोज एकदा उघडा, हात फिरवून बघा, ओल धरली असेल तर कागद बदला. आणि मन कुणावर घट्ट आवळलं असेल, तर तेही एकदा उघडून, त्यालाच विचारून बघा.

माझा संशय? पुरता गेलेला नाही. पण हल्ली दुपारी चपला वाजल्या, की मी नट जरा सैल धरते.